मुकादम तरुण झाली

३ फेब्रुवारी

भोंग्या,

सभा, मोर्चे आणि निवेदनं यांतून सवड झाली असेल तर खुर्ची ओढून बस. बातमी आनंदाची आहे. आपली मुकादम या वयात पुन्हा तरुण झाली!

हसू नकोस. गेल्या आठवड्यापासून ही म्हातारी कुत्री रोज उंदीर धरते आहे. मागचं अख्खं वर्ष बाईसाहेब पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखाली पाय पसरून पडून असायच्या. उंदीर नाकासमोरून गेला तरी एक डोळा उघडून ‘जा बाबा, तुझं तू बघ’ असा चेहरा करायच्या. रात्रीतून पुस्तकांच्या कडा कुरतडल्या जायच्या, खळीचं भांडं झाकायला विसरलं की सकाळी लख्ख चाटलेलं. गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची आणि हिने घोरायचं. आणि आता बघ! काल भर दुपारी अंगणात एक धरला. त्याला पळायलाही सुचलं नाही. परवा तर दोन आणले.

यामागचं कारणही मला उमगलंय. शेजारी कागदकाकूंच्या गोदामात उंदरांनी रिमं पोखरून घरं केली होती. काकूंनी शेवटी वैतागून उंदरांचं औषध ठेवलं. तिथले उंदीर जीव घेऊन आपल्याकडे पळतात आणि मुकादमच्या तावडीत सापडतात. घाबरू नकोस. औषध ठेवण्याआधी काकूंनी मला बोलावून दाखवलं. कुलपाच्या पेट्या आहेत, उंदीर शिरेल एवढंच भोक. मी मुद्दाम मुकादमला घेऊन गेले. तिने पेटी हुंगली, पंजा मारला, शिंकली आणि तोंड फिरवलं. काकू म्हणाल्या, “बघ, हिच्या बापालाही उघडायची नाही.” मग आम्ही चहा घेतला.

अजून ती उंदीर आणून बाबांच्या रिकाम्या स्टुलापाशीच ठेवते आणि माझ्याकडे बघत उभी राहते. माझे हात खळीत बरबटलेले असतात. मी बसल्या जागेवरून ‘शाब्बास’ म्हणते. थोडा वेळ थांबून ती तो उचलते आणि मागच्या अंगणात जाते. पुढचं सगळं तीच उरकते, माझं काम वाचतं.

हे फोनवर सांगितलं असतं. पण फोन काकूंच्या दुकानात, आणि तुमच्या कचेरीत फोन उचलणारा तो गृहस्थ प्रत्येक वाक्याला ‘काय म्हणालात?’ करतो. ‘मुकादमने उंदीर धरला’ असं त्याला ओरडून सांगितलं तर तो संप पुकारायचा.

तुझी,
अक्का

---

९ फेब्रुवारी

अक्का,

साष्टांगाला गुडघे तयार नाहीत, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घे.

तुझं पत्र सभेला जाताना वाचलं आणि व्यासपीठावर चढल्यावरही मनात तेच. समोर हजारभर गोदी कामगार, मी बोलतोय कामाच्या तासांवर, आणि डोळ्यांपुढे कोण? अर्ध्या कानाचा आपला पहिला मुकादम! आठवतो ना? बाबा पाहुण्यांना त्याची ओळख करून द्यायचे, “पुठ्ठे मी कापतो, शिवण पोरांची आई घालते आणि आम्ही दोघं काम करतोय की नाही ते हा बघतो. म्हणून मुकादम.” तेव्हापासून आपल्या बांधणीच्या खोलीत कुत्रे बदलले, हुद्दा तोच राहिला. ही आली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “अहो, ही तर बाई आहे, आता मुकादम कसं म्हणायचं?” आणि बाबा म्हणाले होते, “वहिनी, काम करणाऱ्याला आधी हुद्दा द्या, बाकीच्या चौकश्या नंतर.” माझ्या आयुष्यातलं पहिलं राजकीय भाषण मी ते ऐकलं!

आणि ती हजेरी, अक्का! मुकादमने उंदीर आणला की बाबा हातातलं दाभण खाली ठेवायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असो, काम कितीही घाईचं असो. उठायचे, हात पुसायचे, कमरेत किंचित वाकून म्हणायचे, “मुकादम, हजेरी लागली.” मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उंदीर घेऊन अंगणात खड्डा करून पुरायचे आणि परत येऊन स्वतः बशीत दूध-पाव कुस्करून द्यायचे. मोठमोठे प्राध्यापक तोवर ताटकळत बसायचे. मला वाटायचं, श्रमाचा सन्मान करायला माणसाने कुठल्या ग्रंथातून शिकायला नको, आमच्या बाबांकडे यावं. ग्रंथही तिथेच होते म्हणा. बांधणीला आलेली पुस्तकं मी न शिवलेल्या पानांच्या सुट्या फर्म्यांतून वाचली. कित्येक कादंबऱ्यांचे शेवट आधी आणि सुरुवाती महिन्याने. मी सगळीकडे निष्कर्षापासून सुरुवात करतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे, तिचं मूळ तिथे आहे.

काकू कशा आहेत? त्यांच्या गोदामात रिमांच्या ढिगावर उभा राहून मी भाषणं ठोकायचो. श्रोते दोनच, मुकादम आणि काकू. मुकादम झोपून जायचा. काकू सुतळी गुंडाळत शेवटपर्यंत ऐकायच्या आणि म्हणायच्या, “आवाज बरा आहे. आता मुद्दा काय ते सांग.” एवढी कडक सभा मला पुन्हा मिळाली नाही. त्यांना माझा नमस्कार सांग.

आणि तू उठतेस का गं? बाबा उठायचे.

तुझा,
भोंगा

---

१४ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मुकादम डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होती.

दोन दिवस ती मलूल होती. मी म्हटलं, दमली असेल, तरुणपणाची हौस भागली. काल सकाळी जिना चढताना मध्येच थांबली, खोकली, आणि पायरीवर रक्ताचा थेंब पडला. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या कोऱ्या कागदासारख्या पांढऱ्या. पोटावर निळसर डाग. पुठ्ठे आणायच्या हातगाडीवर तिला घातलं आणि अंगावरच्या खळीसकट धावत सुटले. लोकांनी वाट दिली. माझा अवतार बघूनच दिली असणार.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घ्यायला सुई टोचली, तर त्या टोचलेल्या जागेतून रक्त थांबेना. कापूस दाबून धरून त्यांनी विचारलं, “घरात उंदरांचं औषध आहे?”

“आमच्याकडे नाही. शेजारी आहे, पण कुलपाच्या पेटीत. हिने पेटी उघडलेली नाही, मी स्वतः पाहिलंय.”

“हिला उघडायची गरजच नव्हती. उंदीर आत जाऊन खातो. ते लगेच मारत नाही, रक्त गोठणं बंद पाडतं. चार दिवसांनी तो उंदीर धड चालू शकत नाही, दिवसाढवळ्या बाहेर पडतो. असा उंदीर कुणालाही सापडेल. हिला सापडले, हिने खाल्ले. एखाद्याने काही बिघडलं नसतं. तुम्ही म्हणताय, रोज.”

तुला मी काय लिहिलं होतं रे? तरुण झाली! म्हातारीच्या तोंडात मरायला टेकलेले उंदीर पडत होते आणि मी बसून कौतुक लिहीत होते.

त्यांनी आपल्या घरचाच कुत्रा आणवला, त्याचं रक्त काढून हिला चढवलं. गलेलठ्ठ, शांत प्राणी आहे. रक्त देता देता झोपून गेला. आज हिरड्यांना जरा गुलाबी झाक आहे. इंजेक्शनं झाली, आता गोळ्या.

तू विचारलंस, उठतेस का. नाही उठले. बाबांचं ते उठणं म्हणजे मला कौतुकाचं नाटक वाटायचं. उंदीर तोंडातून काढून घ्यायचा, पुरायचा आणि बदल्यात दूध-पाव द्यायचा. म्हणजे कुत्र्याने उंदीर खायचा नाही, एवढी साधी गोष्ट होती ती. बाबांनी कधी समजावून सांगितली नाही, आपण कधी विचारली नाही.

एक अडचण आहे. डॉक्टरीणबाईंना औषधाचं नाव हवंय. जुन्या प्रकारचं असेल तर गोळ्या दोन आठवडे पुरतात. नवं असेल तर ते शरीरात रेंगाळतं, मग महिना-दीड महिना द्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर पुन्हा रक्तस्राव. गोदामाला कुलूप आहे, काकू भाचीकडे गेल्यात, तिथे फोन नाही. पुढच्या आठवड्यात येतील. मुकादमवर त्यांचा किती जीव आहे तुला माहीत आहे. आल्या की जवळ बसून हळूच सांगेन आणि विचारेन.

अक्का

---

१८ फेब्रुवारी

अक्का,

हळूच? हळूच का? घसा बसला आहे का तुझा? माझा घे!

माझं रक्त उकळतंय. कुलूप लावलं म्हणे! कुलूप पेटीला असतं, उंदराच्या पोटाला नसतं. विष एकदा घराबाहेर सोडलं की ते कुणाचा पत्ता विचारत फिरत नाही. उंदराला मारा म्हटलं की ते कुत्र्याला मारतं, घुबडाला मारतं, उकिरड्यावरच्या मांजराला मारतं, आणि ठेवणारा हात धुऊन म्हणतो, मी तर पेटी बंद केली होती! हा सगळ्या जगाचा रोग आहे. आपलं काम स्वस्तात आणि नजरेआड व्हावं, मग पलीकडे कोण तडफडतं ते बघायचं नाही. गोदीवर मी रोज ह्याच वृत्तीशी भांडतो. तीच आपल्या भिंतीपलीकडे निघावी?

बाबांच्या खोलीत पन्नास वर्षं उंदीर होते आणि पन्नास वर्षं कुत्र्यावर भागलं. तारेचे पिंजरे मिळत नाहीत का? भोकं बुजवता येत नाहीत का? येतात! पण त्याला रोज वाकावं लागतं.

तू गप्प बसशील हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून भांडण आलं की तू खळ ढवळायला जातेस. म्हणून मीच काकूंना चार शब्द लिहिलेत. चार म्हणजे चार पानं. परत आल्या की दारातच त्यांना मिळतील.

मुकादमला माझ्या नावाने थोपट. तिला म्हणावं, लढ.

भोंगा

---

२६ फेब्रुवारी

भोंग्या,

मुकादम बरी आहे. लोण्यात घोळवून गोळी दिली की एका घासात गिळते. पोटात स्निग्ध काही असलं की ती गोळी चांगली लागू पडते म्हणे. काल पोस्टमनवर भुंकली. त्यालाच आनंद झाला, थांबून चौकशी करून गेला.

काकू मंगळवारी आल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे निघाले, तर मधल्या दाराला पलीकडून कडी. आपलं मधलं दार, भोंग्या! कागद ने-आण करायला पाडलेलं, आणि नंतर वाटी-चमचे, वर्तमानपत्रं, तू आणि कुत्रे सगळे त्यातूनच ये-जा करणारे. ते बंद असताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. कडी कशी दिसते हेही मला माहीत नव्हतं.

रस्त्याने वळसा घालून दुकानात गेले. काकू कापडाने काउंटर पुसत होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच, वर न बघता म्हणाल्या, “साधंच औषध होतं. जुनंच. सगळीकडे मिळतं ते. पेट्या टाकून दिल्या मी.” मी म्हटलं, “काकू, मुकादमला...” तर म्हणाल्या, “कळलंय मला.” आणि आत गेल्या. मला बस म्हटलं नाही त्यांनी.

औषध जुनं आहे हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दोन आठवडे बस्स. उद्या शेवटची गोळी. पुढच्या आठवड्यात रक्त तपासायला बोलावलंय.

मी फार विचारत नाही. एकच सांग. काय लिहिलंस तू त्यांना?

अक्का

---

२ मार्च

अक्का,

मुकादम भुंकली हे वाचून कचेरीत पेढे... ते जाऊ दे, बिस्किटं वाटली. ‘कोण मुकादम?’ असं सगळ्यांनी विचारलं, कुणालाही सांगितलं नाही.

काकूंना मी काय लिहिलं? खरं तेच लिहिलं. तुझ्यापासून काय लपवायचं? लिहिलं की तुमच्या कागदापुढे एका मुक्या जिवाचं मोल तुम्हाला वाटलं नाही. लिहिलं की अजाणता झालं ही सबब मी आयुष्यभर मालकांच्या तोंडून ऐकत आलोय, तुमच्या तोंडून ऐकणार नाही. शेवटी लिहिलं की मुकादमला काही झालं तर कोर्टात जाईन आणि भर सभेत तुमच्या दुकानाचं नाव घेईन.

आता लिहिताना ते शेवटचं वाक्य जरा मोठं वाटतंय. लिहिण्याच्या भरात येतं ते. टाळ्यांची सवय वाईट. पेटीत पत्र टाकलं त्या दिवशी छान झोप लागली. त्यानंतर मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा आपण दोघं काकूंकडे होतो. मला ताप होता, आणि काकू थंड कागद आणायच्या. रिमाच्या मधला, कुणाचा हात न लागलेला, गार. कपाळावर ठेवायच्या, तो गरम झाला की दुसरा. विकायचा कागद होता तो.

पण मुद्दा खरा आहे की नाही, तूच सांग. विष विषच असतं.

भोंगा

---

८ मार्च

अरे मूर्खा,

मुद्दा खरा आहे. तुझा मुद्दा नेहमीच खरा असतो. त्या खऱ्या मुद्द्याखाली मुकादम चिरडली जात होती.

गोळ्या बंद झाल्या आणि आठवडा पुरा व्हायच्या आत, तपासणीच्या आदल्या सकाळी ती कोसळली. नाकातून रक्त, श्वास घेताना छातीत घरघर. मी हातगाडीकडे धावले, चाक अडकलेलं. मी रडत ओढत होते, ते निघेना. भिंतीपलीकडे तो आवाज गेला असणार. मधल्या दाराची कडी वाजली, दार उघडलं आणि काकू पायात चप्पल न घालता आत आल्या. हातात निळ्या वड्यांचं एक पाकीट. मला म्हणाल्या, “नवं आहे हे. मी खोटं बोलले. चल, उचल तिला.” या वयात त्यांनी मागची बाजू उचलली, मी पुढची, आणि तसंच चौकापर्यंत नेलं. तिथून एका भाजीवाल्याने टेम्पोत घेतलं.

पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरीणबाई सरळ कामाला लागल्या. त्यांच्या त्या लठ्ठ कुत्र्याला पुन्हा उठवलं बिचाऱ्याला. छातीत रक्त साठलंय. वाचेल की नाही, त्या सांगत नाहीत.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मी विचारलं, “का हो काकू?” त्यांनी पिशवीतून तुझी चार पानं काढली. घडीवर फाटायला आली होती, इतक्यांदा वाचलेली. म्हणाल्या, “मला वाटलं, नाव सांगितलं की सही केल्यासारखं होईल. तो कोर्टात जाणार म्हणतो. त्याला बोलता येतं, मला नाही येत.” मग म्हणाल्या, “साधं आहे म्हटलं की साधंच होईल असंही वाटलं गं.”

ऐकतोस ना? घाबरलेल्या माणसाकडून खरं कसं निघेल? तुझे मालक लोक वकील ठेवतात, त्यांच्यावर ओरड. ह्या बाईने तुझ्या कपाळावर कोरा कागद ठेवला होता आणि तू तो तिलाच लिहून परत पाठवलास.

त्यांचंही चुकलं, माझंही चुकलं. मी हळूच विचारणार होते, पण त्यांनी दारातच तुझं पत्र उघडल्यावर हळू बोलायला जागाच उरली नाही.

आता मला लिहू नकोस. मी लिहीन तेव्हा लिहीन.

अक्का

---

१२ मार्च

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस तरी दोन ओळी लिहितो.

तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच खाली बसलो. आज माझी सभा होती. बोलायला उठलो आणि समोरच्या रांगेत एक म्हातारी बाई होती, हातात पिशवी. मी तिच्याकडे बघून बोलूच शकलो नाही. लोकांना वाटलं, घसा बसला.

काकूंना वेगळं पत्र लिहिलंय. एकच पान. कोर्टबिर्ट काही नाही, सभेत नाव नाही, माफी मागितली आहे. आजच टाकतोय.

मुकादमचं कळव. काय असेल ते कळव.

---

२० मार्च

(कार्ड)

आहे. उठून पाणी प्यायली. गोळ्या एप्रिलच्या मध्यापर्यंत.

अक्का

---

१९ एप्रिल

भोंग्या,

राग उतरला नाही, पण शाई वाळायला लागली, म्हणून लिहिते.

गोळ्या शनिवारी संपल्या. त्यानंतर दोन-तीन दिवस थांबून रक्त तपासायचं होतं. ते गोठलं तर सुटली, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत मी एकही पुस्तक धड बांधलं नाही. एका वकिलाच्या ग्रंथाचे फर्मे उलटसुलट शिवले, परत उसवले. काकू दर थोड्या वेळाने मधल्या दारातून डोकवायच्या. “काही नाही ना?” “काही नाही.” परत जायच्या. मुकादमला वाटलं असेल, या दोन बायकांना वेड लागलं. ती आमच्यापेक्षा शांत होती.

काल दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या लहान नळीत रक्त घेतलं आणि म्हणाल्या, “हे अंगाच्या उबेत धरायला हवं. कोण धरतं?” मी हात पुढे केला. माझे हात बर्फासारखे पडले होते. काकूंनी नळी घेतली, मुठीत धरली आणि मूठ छातीशी लावली. डोळे मिटले. मुकादम टेबलावर, मी तिच्या मानेत हात घालून उभी. बाहेर कुणाचं तरी मांजर ओरडत होतं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “द्या, बघू.” काकू मूठ उघडेनात. “राहू दे ना अजून जरा,” म्हणाल्या. डॉक्टरीणबाई हसल्या. “आजी, फार वेळ धरलं तर मला काही कळणार नाही.” तेव्हा कुठे बोटं सुटली. त्यांनी नळी उजेडात आडवी केली. मी बघितलं नाही. काकू बघत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिथेच मला कळलं. आतलं रक्त हललं नाही. जिथल्या तिथे धरून राहिलं, आपली खळ गार झाल्यावर धरते तसं.

काकू तिथल्या स्टुलावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मुकादमने टेबलावरून वाकून त्यांचा कान चाटला. “अगं सोड, माणसांत आहोत,” म्हणाल्या, पण कान काढून घेतला नाही.

आता दोन्हीकडे तारेचे पिंजरे लावलेत. रोज वाकावं लागतं, तू म्हणालास तसं. माझी कंबर तुझ्या नावाने ओरडते. छातीतला दम मात्र मुकादमचा परत आला नाही. चार पावलं चालली की बसते. शिकार संपली. काकू म्हणतात, हिच्यानंतर दुसरा आणू नकोस, ही जागा हिच्या नावावरच राहू दे. मी अजून हो म्हटलेलं नाही. बांधणीची खोली कुत्र्याच्या श्वासाशिवाय कशी असते, मला ठाऊक नाही.

तुझं दुसरं पत्र त्यांना मिळालंय. उघडलेलं नाही. रद्दीतही टाकलं नाही. दुकानात, सुतळीच्या रिळाशेजारी आहे. मी म्हटलं, “वाचा तरी, माफी मागितली आहे त्याने.” तर म्हणाल्या, “कागद मी जन्मभर विकला. त्यावर माणूस काय वाट्टेल ते लिहितो. त्याला म्हणावं, बोलायचं असेल तर समोर येऊन बोल. पहिलं पत्र मी इतक्यांदा वाचलंय, दुसरं वाचायला माझ्यात जोर नाही.”

निरोप पोचवला. पुढचं तुझं तू बघ.

अक्का

---

२३ एप्रिल

अक्का,

शनिवारच्या गाडीने निघतोय. त्या दिवशी गोदीवर सभा होती, ती दुसऱ्याला दिली. तो माझ्यापेक्षा कमी बोलतो, लोक खूश आहेत.

आधी लिहिणार होतो की काकूंना सांगू नकोस, अचानक येऊन उभा राहीन. मग वाटलं, माझ्याकडून त्यांच्या दारात अचानक येणारं आणखी काही नको. तेव्हा सांग. दुपारी पोचेन. मधल्या दाराने येणार नाही, रस्त्याने येईन, दुकानाच्या समोरून. घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

बाबा गेल्यावर मी तिकडे आलोच नाही, हे काल बॅग काढताना लक्षात आलं. कामं होती असं मी म्हणत असे. खरं तर त्या खोलीत स्टूल रिकामं दिसेल, ते बघायचं नव्हतं. इथे बसून तुझ्या पत्रांतून ती खोली जशी होती तशीच ठेवता येत होती, खळीच्या वासासकट. तू तिथे राहून रोज ते रिकामं स्टूल बघतेस. मला कधी सुचलं नाही विचारायला.

काकूंशी काय बोलायचं ते जुळवायला काल बसलो होतो. ‘काकू, मी चुकलो.’ इथपर्यंत नीट जातं. पुढचं वाक्य आपोआप ‘परंतु’ने सुरू होतं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘परंतु’. एवढी वर्षं बोलतोय, अक्का, आणि पहिल्या वाक्यानंतर थांबायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. शेवटी बाकी सगळं खोडून टाकलं. आता ते एकच वाक्य घेऊन येतोय. तेवढ्याने भागेल का, तुला काय वाटतं?

उत्तर पाठवू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा मी तिथे दुकानासमोर उभा असेन.

भोंगा